लालाउनिस, गुजरी आणि सोन्याचा रवा

प्रश्न थोडक्यात असा होता. पुण्यात दागिन्यांचं डिझाइन शिकणारी एक मुलगी अथेन्सला जाऊन आली आणि तिथलं इलियास लालाउनिस यांचं दागिन्यांचं संग्रहालय बघून आली. ती विचारते: "हा माणूस जुन्या ग्रीक दागिन्यांच्या नकलाच करत होता ना? मग त्याला एवढा मान कशाचा? त्याचा वारसा म्हणजे नेमकं काय? आणि उद्या मी सातवाहनांच्या किंवा पेशवाईतल्या दागिन्यांवर असंच काम करायचं म्हटलं, तर तीही नक्कलच होईल का?"

मी कोल्हापूरच्या गुजरीत बसणारा सोनार. आजोबा, वडील आणि आता मी. कारखाना छोटा, चार कारागीर, त्यातले दोघे बंगालचे. कलेचा इतिहास मी शिकलेलो नाही, पण ग्रीक रवाकाम, म्हणजे सोन्याचे बारीक दाणे पत्र्यावर जोडायचं काम, जमावं म्हणून बरीच वर्षं बोटं भाजून घेतली आहेत आणि एकदा अथेन्सला जाऊन ते संग्रहालय डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा उत्तर सोनाराच्या बाजूने देतो.

आधी माणसाबद्दल, कारण वाचणाऱ्या सगळ्यांना तो माहीत असेलच असं नाही. लालाउनिस यांचा जन्म 1920चा, अथेन्समधला. घराणं मूळचं डेल्फीचं, पिढीजात सोनारांचं. स्वतः मात्र अथेन्सच्या विद्यापीठात अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेले. नात्यातल्याच झोलोटास या पेढीत ते घडले. 1957 साली थेस्सालोनिकीच्या जत्रेत, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनात, त्यांनी प्राचीन ग्रीक दागिन्यांवरून केलेला संग्रह मांडला. 1969 मध्ये स्वतःची पेढी काढली. 1990 साली फ्रान्सच्या ललित कला अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं; चित्रकार, शिल्पकार, वास्तुकार यांच्या पंगतीत एक सोनार बसला. अक्रोपोलिसच्या पायथ्याशी त्यांचा जो कारखाना होता, त्याच इमारतीत 1990च्या दशकात संग्रहालय उभं राहिलं. 2013 मध्ये ते गेले. चार मुली, आणि चौघींनी बापाचं काम पुढे नेलं.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही "नक्कल" म्हणताय तेव्हा तुमच्या डोळ्यासमोर घाट, म्हणजे दागिन्याचा आकार आहे. सिंहाच्या तोंडाचं कडं, हेराक्लिसची गाठ, ओकच्या पानांचा मुकुट. हे घाट कुणीही उचलू शकतो. संग्रहालयाच्या काचेपुढे उभं राहायचं, रेखाटन करायचं, मेणाचा साचा करायचा, ओतून मोकळं व्हायचं. अथेन्सच्या प्लाका भागात फिरलात तर दर दुसऱ्या दुकानात ग्रीक नक्षीची अंगठी टांगलेली दिसते. ती नक्कल, यात वाद नाही. पण घाट दिसला म्हणून घडण कळत नाही. ग्रीकांचे दागिने काचेआड शाबूत होते; ते घडवायची रीत मात्र मधल्या काळात युरोपातून जवळजवळ गेली होती. खरा प्रश्न तो आहे.

एक उदाहरण जरा जवळून बघू. क्रीट बेटावर मालिया नावाच्या जागी एक पदक सापडलं, आता ते हेराक्लिऑनच्या संग्रहालयात आहे. दोन मधमाश्या एका पोळ्याला समोरासमोर बिलगल्या आहेत, मध्ये मधाचा थेंब. वय इसवी सनापूर्वी 1700-1800 वर्षं. त्या पोळ्याच्या चकतीवर सोन्याचे बारीक बारीक रवे बसवले आहेत, आणि रवा चकतीला जिथे टेकतो तिथे काहीच दिसत नाही. डाक नाही, ओघळ नाही. मोहरीचे दाणे ताटलीत ठेवावेत तसा प्रत्येक रवा आपापल्या बुडावर सुटा उभा. पुढे इटलीतल्या, रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांच्या सोनारांनी हेच काम इतकं बारीक नेलं की त्यांचे काही रवे एक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान आहेत.

सोनाराच्या पोराला हे बघून पहिला प्रश्न पडतो: डाक गेला कुठे? आपण दोन तुकडे जोडतो ते डाक देऊन. डाक म्हणजे कमी कॅरटचं मिश्र सोनं. त्याला मूळ सोन्याच्या आधी वितळायचं असतं म्हणून ते कमी कॅरटचं. टाकणखार लावला, डाकाचा कण ठेवला, फुंकणीने ज्योत धरली की तो पाण्यासारखा पळतो. एक कडी जोडायला हे उत्तम. पण पाचशे बारीक रव्यांच्या मध्ये डाक सोडलात की तो सगळ्या फटी भरून टाकतो, आणि रवे आमटीत बुडालेल्या बुंदीसारखे दिसतात. माझं पहिलं पदक हुबेहूब तसं झालं होतं. वडिलांनी ते हातात फिरवून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "वजन चांगलं आलंय." मग मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात टाकलं.

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात रोममधल्या कास्तेल्लानी घराण्याला पडला होता. फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी आणि त्याची मुलं आलेस्सांद्रो आणि ऑगुस्तो. 1836 मध्ये चेर्वेतेरी इथे रेगोलिनी-गालास्सी नावाची एट्रुस्कन कबर उघडली गेली, सोन्याने भरलेली. त्यातलं काम बघून हे लोक वेडे झाले. जुनी पद्धत कुठेतरी जिवंत असेल म्हणून त्यांनी शोध घेतला, आणि डोंगरातल्या सांत'आंजेलो इन वादो नावाच्या गावात त्यांना असे कारागीर मिळाले की जे खेडवळ बायकांचे दागिने अजून जुन्याच हाताने करत होते. त्यांना रोमला आणलं, शिकवलं, त्यांच्याकडून शिकले. काम अप्रतिम झालं, तरी जुन्यांच्या बारकाईला आपण पोचलो नाही हे कास्तेल्लानींनी स्वतःच कबूल केलं.

गंमत म्हणजे उत्तर पुस्तकात होतं. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की सोनार लोक जंगाल, सोडा आणि लहान पोराची लघवी तांब्याच्या खलात खलून सोनं जोडायचं औषध करतात. ग्रीक भाषेत असल्या पदार्थाला शब्दही होता, ख्रिसोकोला, म्हणजे सोन्याचा गोंद. पण वाचणारे पंडित होते आणि भट्टीपुढे बसणारे वाचत नव्हते. शेवटी 1930च्या दशकात लिटलडेल नावाच्या इंग्रजाने याची फोड केली आणि पेटंट घेतलं.

फोड अशी. जंगाल म्हणजे तांब्याचा हिरवा गंज. तो डिंकाच्या पातळ पाण्यात खलायचा आणि त्याने रवे पत्र्यावर चिकटवायचे. तापवायला लागलं की साधारण 100 अंशांवर तांब्याच्या क्षाराचा ऑक्साइड होतो. 600च्या सुमारास डिंक जळून कोळसा होतो. 850च्या आसपास तो कोळसा ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे निव्वळ तांबं उरतं, डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ थर. साधारण 890 अंशांना हे तांबं आणि त्याला टेकलेलं सोनं एकत्र वितळतं. शुद्ध सोनं वितळायला 1064 अंश लागतात. म्हणजे रवा शाबूत, पत्रा शाबूत, दोघे टेकतात तो बिंदू तेवढा क्षणभर ओला होतो. तो क्षण डोळ्यांनी पकडायचा असतो. काम लाल होतं, मग पृष्ठभागावर एक चमक सरकते, पाण्यावर वारा फिरावा तशी. तेवढ्यात ज्योत काढली तर साधलं. दोन श्वास जास्त झाले तर रवे पत्र्यात बसतात आणि पदकाची चकली होते.

रवे करायची युक्ती त्या मानाने सोपी आहे. बारीक तारेचे सारखे तुकडे कापायचे, मुशीत कोळशाच्या पुडीत थर देऊन पेरायचे आणि भट्टीत तापवायचे. वितळलेलं सोनं आपलं आपण गोल होतं, कोळसा त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. मग धुऊन वेगवेगळ्या चाळण्यांतून चाळायचे. माझ्या बायकोची चहाची गाळणी या कामात गेली, हे तिने अजून विसरलेलं नाही.

आपल्याकडच्या सोनाराला या पद्धतीचा एक व्यवहारी फायदाही आहे. आता हॉलमार्क आल्यापासून 22 कॅरट म्हटलं की माल 916 उतरायलाच हवा. डाकाने भरलेलं रवाकाम वितळवून कस काढला तर तो खाली येतो. मध्यंतरी केडीएमचा जमाना आला, कॅडमियम घातलेल्या डाकाने कॅरट राखता येतं म्हणून. पण तो धूर कारागिराच्या फुप्फुसात जातो. तांब्याच्या क्षाराने जोडलेल्या कामात बाहेरचं काही जवळजवळ येतच नाही.

एवढं लांबण लावायचं कारण असं. लालाउनिस यांनी जे केलं ते या बाजूचं काम आहे. रवाकाम, तारकाम, हातोडीने ठोकून उठवलेला पत्रा, हाताने विणलेल्या साखळ्या: या रीती त्यांनी एका चालत्या कारखान्यात परत आणल्या, आणि तेही यंत्राने साखळी विणून किलोवर विकायच्या दिवसांत. ते स्वतः कायदा शिकलेले. त्यांच्या नावावर निघालेली प्रत्येक कडी त्यांच्या हातची असेल असं मानायचं कारण नाही. त्यामागे कारागिरांचे बरेच हात होते, त्यांची नावं पदकावर नाहीत. वारसा म्हणताना मी ते हात आधी मोजतो. संग्रहालय कारखान्याच्याच इमारतीत केलं आणि तिथे सोनारकामाचं टेबलही ठेवलं, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. नाहीतर काचेमागचा दागिना बघून लोकांना वाटतं की तो झाडाला लागला होता.

साखळीचं सांगतो, कारण तिथे आपला एक धागा जुळतो. जुन्या ग्रीक साखळीत आधी सगळ्या कड्या सुट्या करून जोडून घेतात. मग प्रत्येक कडी ओढून लांबट करायची, मध्ये चिमटा देऊन कंबर आवळायची, इंग्रजी यूसारखी वाकवायची आणि पुढची कडी तिच्या दोन्ही कानांतून ओवायची. एकदा ओवायला घेतलं की आग लागत नाही, नुसती विणकामाची गोष्ट. दोनपदरी, तीनपदरी आडवी ओवत गेलं की गोल, सापासारखी लवचीक साखळी होते. अथेन्सला ती काचेत बघून मी बायकोला म्हणालो, हा तर आपला गोफ. विणायची रीत तंतोतंत एक नाही, पण जात तीच. यावरून कोण कुणाकडून शिकलं असली पतंगबाजी मी करणार नाही. यवन, म्हणजे तेव्हाचे ग्रीक, इथे येत होते हे कार्ल्याच्या लेण्यातल्या त्यांच्या दानाच्या लेखांवरून दिसतंच, आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ब्राँझचा छोटा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, सापडला तो टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे, आणि आपण रोज बोलतो तो "दाम" ग्रीकांच्या द्राख्मे या नाण्यावरून आला. पण बारीक कड्या ओवायची कल्पना दोन हुशार सोनारांना दोन ठिकाणी सुचू शकते.

आता नकलेकडे परत येऊ. लालाउनिस यांनी घाट जसेच्या तसे घेतले का? काही घेतले. मला ते त्यांचं सगळ्यात कमी आवडतं काम वाटतं. पण बहुतेक ठिकाणी त्यांना बदल करावाच लागला असणार, आणि का ते सोनाराला लगेच कळतं. कबरींत सापडलेलं बरंचसं सोनं कागदासारखं पातळ असतं. उत्तर ग्रीसमधल्या वर्गिनाला 1977 मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांनी राजकबर उघडली, त्यातल्या ओकच्या मुकुटाला 313 पानं आणि 68 फळं आहेत; तो घालून बसमध्ये चढून दाखवा. मेलेल्या माणसाला हात हलवायचा नसतो, दागिना साडीत अडकायचा नसतो, फासा रोज उघडायचा नसतो. जिवंत बाईच्या मनगटावर तोच घाट बसवायचा तर पत्रा किती जाडीचा, पोकळ ठेवायचा की भरीव, कडी कुठे, वजन किती, हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. हा हिशेब ज्याने मांडला त्याने नक्कल केली नाही, असं माझं मत. शिवाय पुढे ते ग्रीकांपाशी थांबले नाहीत. बायझंटाइन काम, निसर्ग, पेशी आणि डीएनएची गुंडाळी असल्या विषयांवरही त्यांनी दागिने केले. हात तयार असल्याशिवाय डीएनएचं पदक नुसतं स्प्रिंगसारखं दिसेल.

आता तुमच्या कामाचं. इथे "ते अवलंबून आहे" असं म्हणणं भाग आहे, पण कशावर ते सांगतो.

सातवाहनांचं म्हणाल तर ग्रीकांची सोय आपल्याला नाही. त्यांनी मेलेल्याबरोबर सोनं पुरलं म्हणून ते मिळालं. आपण माणूस जाळतो आणि सोनं वितळवतो. सातवाहन काळचे दागिने बघायचे तर मुख्यतः कार्ल्याच्या, भाज्याच्या लेण्यांतल्या दगडी माणसांच्या अंगावर. दगडात घाट कळतो, पण त्यातून घडण काढता येत नाही. कडं पोकळ होतं की भरीव हे मूर्तिकार सांगत नाही. घडण बघायची तर तक्षशिलेच्या सिरकापचं सोनं बघा, जॉन मार्शल यांनी खणलेलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं, रवाकाम आहे आणि ग्रीक हाताची ओळखही आहे. म्हणजे लेण्यातला घाट घेऊन केलेला दागिना तुमच्या कल्पनेचा जास्त असेल. तसं करायला माझी हरकत नाही, फक्त खाली "सातवाहन दागिना" अशी चिठ्ठी लावू नका.

पेशवाईचं किंवा त्यानंतरचं म्हणाल तर गोष्ट वेगळी आहे. तो माल अजून घरांत आहे, आणि रोज संपतोय. तुमचं उत्खनन सराफाच्या मोडीच्या काउंटरवर चालू असतं. आजीची ठुशी, पातळ पत्र्यात लाख भरलेली साजाची पानं, जुना गोफ, चिंचपेटी: पोरं येतात, मोड करतात, नवीन हलकं काहीतरी घेऊन जातात. मी दोष देत नाही, सोनं हे शेवटी अडीअडचणीचंच असतं. पण दहाएक वर्षं झाली, मोडीला आलेला दागिना जरा वेगळा दिसला की मी मालकाला विचारून त्याचे चार बाजूंनी फोटो काढतो, वजन घेतो, भिंगाखाली तार आणि डाक बघतो आणि वहीत टिपतो. तार बघायचं कारण असं की खूप जुन्या काळी जंत्रीतून, म्हणजे भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून, ओढलेली तार नसायची. सोन्याची पट्टी पिळून, लाटून तार करत. भिंगाखाली तिच्यावर मळसूत्रासारखी शिवण दिसते. ओढलेल्या तारेवर सरळ लांब रेघा दिसतात. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बनावट ग्रीक मालाची चोरी बऱ्याचदा इथेच पकडतात. आपल्या जुन्या कामात डाक कुठे दिलाय, कुठे नुसतं दुमडून दाबलंय, हे बघितलंत की त्या सोनाराशी बोलल्यासारखं होतं.

संग्रहालयातल्या वस्तूवरून काम करणार असाल तर आधी लेखी परवानगी विचारा. बऱ्याच ठिकाणी अभ्यासासाठी रेखाटन चालतं, विक्रीसाठी प्रत चालत नाही. आणि विकताना खाली स्पष्ट लिहा की अमुक वस्तूवरून, अमुक साली, अमुक कारागिराने केलं. कारागिराचं नाव लिहाच.

म्हणजे थोडक्यात: घाट उचलणं सोपं आहे आणि नकलेचा आरोप त्यावर होतो, घडण परत मिळवणं अवघड आहे, आणि लालाउनिस यांच्याकडून घ्यायचं ते हे. तुमच्या हातात घडण किती आहे त्यावर तुमचं काम नक्कल ठरेल की नाही ते ठरेल.

सुरुवात सोन्यात करू नका, भाव बघताय ना. चांदीत करा. चांदी-तांब्याचा जोड 780 अंशांच्या आसपासच वितळतो, रीत तीच राहते. अर्धा मिलिमीटरचे रवे करा, अर्ध्या तोळ्याच्या पत्र्यावर एकच त्रिकोण बसवा, मग पुढचा. पत्रा फार पातळ नको, नाहीतर रव्यांच्या आधी तोच जाईल. डिंक पातळ ठेवा. घट्ट झाला तर उकळून फुगतो आणि रवे उडून तुमच्या चष्म्यावर बसतात. सुकायला एक रात्र द्या.

जंगाल बाजारात धड मिळत नाही, ते घरी करता येतं. बरणीत तळाला बोटभर व्हिनेगर, त्याला लागणार नाही अशा उंचीवर तांब्याच्या पट्ट्या टांगायच्या, झाकण लावून पंधरा दिवस विसरायचं. पट्ट्यांवर निळसर हिरवी बुरशी धरते, ती खरवडून घ्यायची, हातमोजे आणि नाकाला फडकं बांधून. ते विष आहे. बरणीवर मोठ्या अक्षरात तसं लिहा आणि ती स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. आमची पहिली बरणी आईने लोणच्याची म्हणून उन्हात ठेवली होती.